पावसाळी गावात फॉल्स सीलिंगची बॉर्डर : पाठ उघडी ठेवा, दिवे आत लपवा



फॉल्स सीलिंगच्या कडेने फिरणारी बॉर्डर आणि तिच्या आडून छतावर पसरणारा मऊ उजेड आता गावोगावच्या हॉलमध्ये दिसतो. कसं करायचं हे दाखवणारे व्हिडिओही भरपूर आहेत. पण त्यातले बहुतेक कोरड्या हवेतल्या शहरांसाठी बनवलेले असतात. आमचं घर इगतपुरीत, थळ घाटाच्या माथ्यावर. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं खिडकीतून सरळ घरात येतं आणि कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते. अशा ठिकाणी व्हिडिओतलं डिझाइन जसंच्या तसं उचललं तर दोन पावसाळ्यांत ते रडायला लागतं.

घरच्या हॉलमध्ये बॉर्डर करायचं ठरलं तेव्हा मी आधी कागदावर गणित मांडलं आणि मग कारागिरांना बोलावलं. आज ते गणित सोपं करून सांगतो. इगतपुरी, महाबळेश्वर, आंबोली, कोकण, घाटमाथा असं कुठेही राहत असाल तर हे तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी प्रश्न : पूर्ण सीलिंग की बॉर्डर?

पूर्ण फॉल्स सीलिंग म्हणजे स्लॅबखाली दुसरं छत. दिसायला छान, पण त्यामुळे स्लॅब कायमचा झाकला जातो. स्लॅबमधून ओल उतरू लागली तर पहिला डाग स्लॅबवर पडतो आणि तो तुम्हाला दिसतच नाही. तुम्हाला दिसतो तो बोर्डावर आलेला डाग. तोपर्यंत पाणी वर साचलेलं असतं, बोर्ड मऊ झालेला असतो आणि लोखंडी सांगाडा गंजायला लागलेला असतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एरर आला, पण लॉग कुणी वाचूच नये अशी व्यवस्था आपण स्वतः करून ठेवली.

बॉर्डरमध्ये खोलीचा मधला भाग उघडा राहतो. तिथला स्लॅब डोळ्यांसमोर असतो आणि पंखा आपल्या मूळ हुकावरच राहतो. म्हणून पावसाळी गावात बॉर्डर बरी.

पण इथेच एक मेख आहे. ओल बऱ्याचदा कुठून येते? भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात त्या सांध्यातून. आणि नेहमीच्या बॉर्डरमध्ये नेमकी तीच रेघ बंद पेटीत जाते. कारण कारागीर भिंतीलगत फूटभर रुंदीची बंद पेटी बनवतात आणि तिच्यापुढे दिव्यांसाठी छोटी फळी काढतात.

म्हणून माझा मुख्य मुद्दा असा : पावसाळी गावात पेटी बंद करू नका. बॉर्डरची पाठ उघडी ठेवा. म्हणजे भिंतीपासून निघालेली एक आडवी फळी, तिच्या पुढच्या काठावर छोटा कठडा, आणि वर स्लॅबपर्यंत सगळं मोकळं. पुढचा सगळा लेख याच निर्णयाभोवती फिरतो.

उघड्या पाठीचे फायदे

१. हवा खेळते. बंद पेटीत दमट हवा अडकते आणि बोर्डाच्या कागदावर बुरशी धरते. मोकळ्या जागेत पंख्याची हवा पोहोचते.

२. ओल दिसते. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून फोनचा कॅमेरा कठड्यावरून आत फिरवायचा. पाच मिनिटांत चारही भिंतींचे सांधे तपासून होतात.

३. ड्रायव्हर हाताला लागतो. एलईडी पट्टीपेक्षा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर लवकर बिघडतो. तो बदलायला बोर्ड कापावा लागत नाही.

तोटेही सांगतो. धूळ बसते, पावसाळ्यात किडे दिव्यावर येऊन आत मरून पडतात, आणि पालीला आयतं घर मिळतं. आमच्या आईचा पहिला प्रश्न हाच होता, "वरची जळमटं कोण काढणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मोजमापात आहे : कठडा आणि स्लॅब यांच्यात हात आणि ब्रश आरामात जाईल इतकी, म्हणजे निदान ५ इंच फट ठेवा. बंद पेटीतही पाल जातेच. फक्त तिथून तिला बाहेर काढता येत नाही.

कठडा किती उंच? शाळेतली भूमिती

दिव्याची पट्टी खालून दिसू नये म्हणून अनेक जण कठडा दोन-अडीच इंच उंच करतात. मग छतावर उजेडाची एक अरुंद पट्टी पडते, पुढे एकदम काळोखी रेघ, आणि मालक म्हणतो, "दिवे कमी पावरचे आणले वाटतं." दिव्यांचा काही दोष नसतो, कठडा आडवा आलेला असतो.

गणित समरूप त्रिकोणांचं आहे. पट्टीतून निघालेला किरण कठड्याच्या टोकावरून सरकत छताला लागतो. कठड्याच्या पुढे थेट उजेड किती जाईल ते असं काढायचं :

पोहोच = (पट्टी ते कठडा अंतर ÷ पट्टीच्या वर कठड्याची उंची) × (कठडा ते स्लॅब फट)

पट्टी कठड्याच्या २ इंच मागे, कठडा पट्टीपेक्षा अडीच इंच उंच आणि वरची फट ५ इंच असेल, तर पोहोच फक्त ४ इंच. आता पट्टी ३ इंच मागे घ्या आणि कठडा पट्टीपेक्षा जेमतेम अर्धा इंच उंच ठेवा. फट तीच, ५ इंच. पोहोच ३० इंच! दिवा तोच, वीज तेवढीच.

मग पट्टी खालून दिसणार नाही का? नाही. आपला डोळा कठड्याच्या खूप खाली असतो. खालून वर जाणारी नजर कठड्याच्या टोकावरून पुढे गेली की आणखी वरच जाते, त्यामुळे कठड्याच्या टोकापेक्षा खाली असलेली कुठलीही वस्तू दिसू शकत नाही. खोलीला पोटमाळा किंवा आतला जिना असेल तरच वरून पट्टी दिसेल. तिथे वेगळा विचार करावा लागेल.

म्हणून माझी मापं अशी : कठडा फळीच्या वर १ इंच, पट्टीचं अॅल्युमिनियम प्रोफाइल सुमारे अर्धा इंच उंच, कठड्यापासून ३ इंच मागे, आणि कठड्याच्या वर ५ इंच फट. बोर्डाची जाडी धरून बॉर्डरचा तळ स्लॅबच्या साधारण साडेसहा इंच खाली येतो. स्लॅब १० फुटांवर असेल तर डोक्यावर साडेनऊ फुटांच्या जवळपास उंची उरते. स्लॅबच मुळात ९ फुटांच्या आत असेल तर बॉर्डरचा मोह टाळा, खोली बसकी वाटेल.

आणखी एक : छताला मॅट पांढरा रंग द्या. चकचकीत रंगात पट्टीच्या प्रत्येक ठिपक्याचं प्रतिबिंब दिसतं आणि सगळी मजा जाते.

कोणता बोर्ड?

*पीओपी :* नक्षीला उत्तम, पण सतत ओल मिळाली की मऊ पडतं आणि रंग सोलतं. घाटमाथ्यावर मी टाळेन.

*साधा जिप्सम बोर्ड :* दोन बाजूंना कागद, मध्ये जिप्सम. जिप्समच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली तर ते वाफ होऊन निघतं आणि आग पुढे सरकायला वेळ लागतो. हा मोठा गुण. पण बाहेरून आलेली ओल कागद पितो.

*मॉइश्चर रेझिस्टंट जिप्सम बोर्ड :* बहुतेक वेळा हिरव्या कागदाचा. ओल खूप कमी शोषतो. मी १२.५ मिलिमीटर जाडीचा हाच निवडला. पण लक्षात घ्या, हा दमट हवेला तोंड देतो, गळक्या स्लॅबला नाही.

*पीव्हीसी पॅनल :* पाण्याची भीती नाही, बाथरूमला चांगलं. पण उष्णतेने मऊ होतं आणि जळालं तर धूर वाईट. दिवे आणि वायरी असलेल्या पन्हळीसाठी मला ते पटलं नाही.

*प्लायवूड, एमडीएफ :* एमडीएफ ओलीने फुगतं, तेव्हा नकोच. चांगलं प्लायवूड टिकतं, पण महाग आणि जड पडतं.

*फायबर सिमेंट, कॅल्शियम सिलिकेट :* ओलीला दणकट, पण कापायला आणि सांधे लपवायला जास्त मेहनत.

उघड्या पाठीच्या बॉर्डरमध्ये बोर्डाची वरची बाजूही हवेला उघडी असते. म्हणून बोर्ड वर चढवण्याआधीच जमिनीवर ठेवून वरची बाजू आणि कापलेल्या कडा यांना प्रायमर आणि पांढरा रंग देऊन घ्या. कागद ओलीपासून वाचतो, धूळ ओल्या फडक्याने पुसता येते आणि पांढऱ्या पृष्ठभागामुळे उजेडही वाढतो. कारागीर "वर कोण बघतंय?" म्हणतील. ठामपणे सांगा, की मी बघणार आहे.

सांगाडा

उदाहरणाला १४ × ११ फुटांची खोली आणि दीड फूट रुंदीची बॉर्डर घेऊ. बॉर्डरचं क्षेत्रफळ ६६ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६ चौरस मीटर. या बोर्डाचं वजन चौरस मीटरला साधारण ८ ते ९ किलो असतं. म्हणजे नुसता बोर्डच ५० किलोच्या आसपास. हे वजन डोक्यावर लटकणार आहे, म्हणून सांगाड्यात काटकसर नको.

- लेझर लेव्हलने किंवा पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारा. स्लॅबवरून टेपने मापून रेघ मारू नका. स्लॅब क्वचितच सपाट असतो.
- रेघेवर पेरिमीटर चॅनल भिंतीला पक्कं करा.
- भिंतीपासून सुमारे १० इंचांवर, भिंतीला समांतर इंटरमिजिएट चॅनल घ्या. ते स्लॅबपासून पट्ट्यांनी टांगायचं. नेहमी ४ फुटांवर एक आधार देतात. मी ३ फुटांवर दिले, कारण पुढचा ८ इंचांचा भाग अधांतरी असतो.
- स्लॅबमध्ये धातूचे अँकर फास्टनर वापरा. लाकडी गुट्टी ओल-कोरड या चक्रात सैल होते.
- भोक पाडण्याआधी पंख्याच्या बॉक्सकडे जाणारे पाइप स्लॅबमधून कुठून गेलेत याचा अंदाज घ्या आणि त्या रेषेपासून दूर राहा.
- सीलिंग सेक्शन दर १८ इंचांवर, आणि बोर्डाचे स्क्रू साधारण दर ९ इंचांवर. स्क्रूचं डोकं कागद फाडून आत जाता कामा नये, नुसतं टेकून किंचित खाली बसायला हवं.
- कापलेल्या जीआय पत्र्याच्या कडेला जस्ताचा थर नसतो. तिथेच गंज सुरू होतो. कडांना गंजरोधक प्रायमर लावा.
- पंखा, झुंबर, पडद्याचा दांडा यांपैकी काहीही या सांगाड्याला टांगू नका.

टांगत्या पट्ट्यांना पांढरा रंग द्या. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्यांचा वरचा थोडा भाग दिसू शकतो. पांढऱ्या असल्या की नजरेत भरत नाहीत.

उजेड किती लागेल?

बॉर्डरच्या आतल्या काठाची लांबी : ११ + ८ = १९, दुप्पट ३८ फूट. म्हणजे सुमारे ११.६ मीटर पट्टी.

मीटरला ५ वॅटची पट्टी घेतली तर एकूण ५८ वॅट. वॅटला ९० लुमेन धरले तर सुमारे ५२०० लुमेन. उजेड छतावर आपटून खाली येतो, त्यात अंदाजे निम्मा जातो असं धरू. उरले २६००. खोलीचं क्षेत्रफळ १४.३ चौरस मीटर, म्हणजे सरासरी १८० लक्स. बसा-उठायला, गप्पा मारायला, टीव्ही बघायला भरपूर. वाचायला आणि शिवणकामाला वेगळा दिवा हवाच.

दुकानात मीटरला १० किंवा १५ वॅटच्या पट्ट्या "जास्त पावरफुल" म्हणून पुढे केल्या जातात. या मापाच्या खोलीला त्यांची गरज नाही. वॅट वाढले की उष्णता, ड्रायव्हरचा आकार आणि बिल सगळंच वाढतं. आपल्या ५८ वॅटच्या पट्टीला ड्रायव्हरमधला तोटा धरून ६७ वॅट लागतील. रोज ४ तास लावली तर महिन्याला साधारण ८ युनिट.

रंग : २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उबदार, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा. बाहेर चार महिने राखाडी आभाळ असलेल्या गावात घरात ३००० छान वाटतो. सीआरआय ९० किंवा जास्त असेल तर चेहरे आणि जेवण फिकट दिसत नाही. सगळी पट्टी एकाच लॉटमधली घ्या, नाहीतर दोन रिळांच्या पांढऱ्यात फरक दिसतो.

१२ व्होल्ट की २४? उत्तर इगतपुरी स्टेशनवर

इगतपुरीच्या जुन्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत रेल्वेच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं आणि इगतपुरीच्या पुढे २५००० व्होल्ट एसी. त्यामुळे अनेक वर्षं गाड्यांचं इंजिन इथे बदलायचं. पुढे डीसीचा भाग टप्प्याटप्प्याने एसीवर आला आणि २०१५ पर्यंत मुंबईपर्यंतचं काम पूर्ण झालं. एवढा खटाटोप का? एक मोठं कारण साधं आहे : तेवढीच शक्ती जास्त व्होल्टेजवर पाठवली की करंट कमी लागतो, आणि करंट कमी असला की तारेतला तोटा कमी.

आता हेच हॉलमध्ये आणू. समजा ड्रायव्हर कपाटात ठेवला आणि तिथून पट्टीपर्यंत १० मीटर वायर आहे. जाऊन-येऊन २० मीटर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम, म्हणजे एकूण ०.३६ ओहम.

- १२ व्होल्टवर ५८ वॅटला ४.८ अँपिअर. वायरीत गळाले सुमारे १.७ व्होल्ट, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त.
- २४ व्होल्टवर २.४ अँपिअर. गळाले सुमारे ०.९ व्होल्ट, म्हणजे चार टक्क्यांच्या आत.

व्होल्टेज दुप्पट केलं की तोट्याचं प्रमाण चौथ्या हिश्शावर येतं. पट्टीच्या आतल्या पातळ तांब्यालाही हाच नियम लागू. म्हणूनच १२ व्होल्टची लांब पट्टी सुरुवातीला लख्ख आणि शेवटी मिणमिणती दिसते. घरभर फिरणाऱ्या बॉर्डरला २४ व्होल्टच घ्या.

शिवाय ११.६ मीटरची पट्टी एका टोकाकडून सलग चालवू नका. एका कोपऱ्यातून दोन बाहू काढा, प्रत्येकी ५.८ मीटर. दोन्हींना ड्रायव्हरकडून वेगळी जोडणी द्या. पट्टी फक्त खूण केलेल्या जागीच कापायची. बाजारातली २४ व्होल्टची पट्टी बहुधा दर ६ एलईडींनंतर कापता येते.

जोड सोल्डर केलेलेच हवेत. दाबून बसवायच्या प्लॅस्टिक क्लिपा दमट हवेत काळ्या पडतात आणि पट्टी लुकलुकू लागते. पट्टी सिलिकॉनचा थर असलेली, आयपी ६५ दर्जाची घ्या. ती थेट बोर्डावर चिकटवू नका. धुळीवर चिकटपट्टी टिकत नाही. स्क्रूने बसवलेल्या अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये चिकटवा, म्हणजे उष्णताही निघून जाते.

ड्रायव्हर : सगळ्यात आधी बिघडणारा भाग

ड्रायव्हर २३० व्होल्ट एसीचं २४ व्होल्ट डीसी करतो. त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, आणि त्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे बंद पेटीत तापणारा ड्रायव्हर आणि मोकळ्या हवेतला ड्रायव्हर, एकाच कंपनीचे असले तरी त्यांच्या आयुष्यात वर्षांचा फरक पडू शकतो. उघड्या पाठीचा हा चौथा फायदा.

निवडताना :

- भार ड्रायव्हरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. ५८ ÷ ०.८ = ७२.५. म्हणून ७५ वॅट चालेल, १०० वॅट असेल तर निवांत.
- त्यावर छापलेली इनपुट रेंज वाचा. पावसात वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं. रेंज जितकी रुंद तितकं बरं.
- विजा कडाडणाऱ्या भागात घराच्या मुख्य डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवून घेणं फायद्याचं. तो फक्त या ड्रायव्हरला नाही, टीव्ही-राउटरलाही वाचवतो.
- दुकानातच दिवा लावून फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून बघा. उजेड धडधडताना दिसला तर तो ड्रायव्हर नको. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त ड्रायव्हर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या पंख्याची पाती त्यात विचित्र थांबल्यासारखी दिसतात.

जागा : स्विचबोर्डाच्या वरचा कोपरा. ड्रायव्हर फळीवर नुसता आडवा टाकू नका, भिंतीला स्क्रूने बसवा. म्हणजे उद्या भिंतीवरून ओघळ आला तर? म्हणून त्याच्यामागे छोटे स्पेसर ठेवून अर्धा इंच अंतर ठेवा आणि वायरी खालच्या बाजूने बाहेर काढा. वायरीवरून आलेला थेंब आत न शिरता खाली गळून जाईल.

२३० व्होल्टला गंमत समजू नका

२४ व्होल्टची बाजू हाताळायला सुरक्षित आहे. ड्रायव्हरच्या आधीची बाजू नाही. ती जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वायर आयएसआय मार्कची, आगरोधक इन्सुलेशनची आणि पाइपमधूनच नेलेली असावी. धातूचा सांगाडा आणि प्रोफाइल जवळ आहेत, हवा दमट आहे, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे ऐच्छिक मानू नका. ब्रश घेऊन साफसफाईला वर हात घालण्याआधी एमसीबी खाली पाडायचा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

स्मार्ट कंट्रोलर लावायचा असेल तर जरूर लावा, मी स्वतः लावलाय. पण भिंतीवरचा साधा स्विच इंटरनेटशिवाय चालायलाच हवा. धो-धो पावसात नेट गेलं म्हणून आजी-आजोबांनी अंधारात बसायचं का?

कधी करायचं?

डिसेंबर ते मे. सांध्यांवरचं जॉइंटिंग कंपाउंड दोन-तीन थरांत लावतात आणि प्रत्येक थर पूर्ण वाळावा लागतो. जुलैत तो वाळतच नाही. वरून रंग मारला की पुढे पोपडे निघतात.

त्याहून महत्त्वाचं, काम काढण्याआधीचा एक पावसाळा नुसता बघण्यात घालवा. स्लॅबवर कुठे डाग येतात त्याचे फोटो तारखेसह ठेवा. डाग असतील तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा वर पत्र्याची शेड, मग बॉर्डर. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते गच्चीवर घाला. हॉल दोन वर्षांनी सजला तरी चालतो.

भाव ठरवताना दर चौरस फुटाचा आहे की रनिंग फुटाचा, कठडा धरला आहे की वेगळा, वरच्या बाजूचा रंग आणि वायरिंग त्यात आहे का, हे कागदावर लिहून घ्या. बॉर्डरच्या कामात सगळे वाद याच चार ओळींवरून होतात.

पैसे देण्याआधी तपासा

- सगळे दिवे बंद करून फक्त बॉर्डर लावा. दोन्ही बाहूंच्या शेवटी उजेड सारखा आहे का?
- सोफ्यावर बसून, दारात उभं राहून बघा. कुठून पट्टी दिसते का?
- दोन तास चालू ठेवून मग एमसीबी पाडा आणि ड्रायव्हरला हात लावा. गरम चालेल, चटका बसता कामा नये.
- स्टुलावर चढून फोन आत फिरवा. चारही सांधे दिसतात ना? ड्रायव्हरचे स्क्रू हाताला लागतात ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर रंगकाम संपण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. पुढच्या जूनमध्ये तुम्हाला त्याच फटीतून हात घालायचा आहे.